न आलेला कॅमेरा

सप्टेंबर २०१८मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात 'फोटोकिना' हे कॅमेऱ्यांचं भलंमोठं प्रदर्शन भरलं होतं. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा या तीन कंपन्यांनी तिथे जाहीर केलं की यापुढे आम्ही एक सामाईक माउंट वापरू, एकाची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर बसेल. बातमी हीच होती आणि सगळीकडे हीच छापून आली. पण सिग्माचे प्रमुख काझुतो यामाकी यांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगून टाकली : या माउंटचा, फुल फ्रेम (म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा) फोव्हिऑन सेन्सर असलेला कॅमेरा आम्ही २०१९मध्ये आणणार आहोत. बहुतेकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मोजक्या काही लोकांना मात्र त्या रात्री झोप लागली नसावी.

२०१९ आलं आणि गेलं. कॅमेरा आला नाही. २०२५चा फेब्रुवारीही त्याच्याशिवायच सरला. दरम्यान वाट पाहणारे काही कंटाळले, काहींनी दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे घेतले, पण आशा सोडली असं फार थोड्यांनी म्हटलं. दर फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला 'सीपी प्लस' हे कॅमेरा प्रदर्शन भरतं, आणि त्या सुमाराला यामाकींना हमखास विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो. उत्तरही आता बरंचसं ठरलेलं असतं : काम चालू आहे.

आपल्याकडे सिग्मा म्हणजे लेन्स. लग्नाचे फोटो काढणारा कोणीही, किंवा मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानाबाहेर उभा असलेला कोणीही, सिग्माच्या 'आर्ट' मालिकेतल्या लेन्सबद्दल दहा मिनिटं बोलू शकेल. ही कंपनी कॅमेरेही बनवते, हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. आणि ते कॅमेरे पाहिल्यावर ठाऊक नसण्यात त्यांचा दोष नाही हेही पटतं. मग या एका न आलेल्या यंत्रासाठी माणसं इतकी वर्षं का थांबली आहेत? त्यासाठी डिजिटल कॅमेऱ्याला रंग कसा कळतो, इथून सुरुवात करावी लागते.

खरं तर त्याला रंग कळतच नाही. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चकती, तिच्यावर लाखो बारीक खाचा, आणि प्रत्येक खाचेला एवढंच समजतं की आपल्यावर किती प्रकाश पडला. प्रकाश लाल होता की निळा, याचा तिला पत्ता नसतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर या संशोधकाने यावर तोडगा काढला आणि १९७६मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक खाचेवर एका रंगाची काच बसवायची : अर्ध्या खाचांवर हिरवी, पाव हिश्श्यावर लाल, उरलेल्या पाव हिश्श्यावर निळी. हिरवी दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्याच्या आसपास जास्त दिसतात. आता प्रत्येक खाचेला एक रंग नक्की माहीत असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवायचे.

म्हणजे तुमच्या हातातल्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हिरवा १.२ कोटी ठिकाणी मोजला जातो, लाल ६० लाख ठिकाणी आणि निळा ६० लाख ठिकाणी. छापलेल्या फोटोत मात्र प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग हवे असतात. ही भर गणिताने घातलेली असते. फोटोतल्या दर तीन आकड्यांपैकी एक मोजलेला आणि दोन अंदाजाचे! फोनपासून सिनेमाच्या कॅमेऱ्यापर्यंत आज जवळपास सगळे याच पद्धतीवर चालतात. अंदाज इतका सरावलेला आहे की तो अंदाज आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकतो तेव्हा मात्र पकडला जातो. पैठणीची बारीक वीण किंवा सुटावरच्या सूक्ष्म रेघा यांच्यावर अचानक इंद्रधनुषी पट्टे उमटतात, ते लग्नाच्या फोटोग्राफरांनी पाहिलेले असतात. याला मोआरे म्हणतात. तो टाळण्यासाठी अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक पडदा लावून चित्र मुद्दाम किंचित पुसट करत असत. हजारो डॉलरची लेन्स घ्यायची, आणि तिने आणलेली धार सेन्सरच्या उंबऱ्यावर बोथट करायची, असा हा प्रकार होता.

रंग शेजारी शेजारी मांडायचे की एकाखाली एक रचायचे, हा वाद सेन्सरच्याही आधीचा आहे. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी १९०७मध्ये ऑटोक्रोम नावाच्या काचा विकायला आणल्या. त्यांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत, नारिंगी, हिरवे आणि जांभळे. म्हणजे बायरची कल्पना पिठात. पुढे १९३५मध्ये कोडॅकने कोडाक्रोम आणली. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या दोघांनी ती घडवली आणि दोघेही पेशाने संगीतकार होते. कोडाक्रोममध्ये प्रकाश झेलणारे तीन थर एकावर एक होते. प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग त्याच जागी नोंदले जात. फिल्मच्या दुनियेत थरांची पद्धत जिंकली, ठिपक्यांची हरली. कोडाक्रोमचं उत्पादन २००९मध्ये थांबलं. तिचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला आणि त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत वापरल्या, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांच्यावर. थरांची परंपरा आपल्या शहराला अशी जाता जाता शिवून गेली आहे.

डिजिटलमध्ये निकाल नेमका उलटा लागला. ठिपके जिंकले. आणि हा निकाल फिरवायचाच, असं ठरवून १९९७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत फोव्हिऑन ही कंपनी निघाली.

तिच्यामागचा माणूस साधा नव्हता. कार्व्हर मीड हे कॅलटेकमधले प्राध्यापक. चिप कशी आखायची हे दोन पिढ्यांना शिकवणारे, 'मूरचा नियम' हे नावही त्यांनीच रूढ केलं असं सांगितलं जातं. सोबत डिक लायन आणि डिक मेरिल हे अभियंते होते. सुरुवातीला त्यांनी लोलकाने प्रकाश फोडून तीन वेगवेगळ्या चिपांवर पाडणारा कॅमेरा केला. उत्तम पण अवजड आणि महाग. मग मेरिलच्या कल्पनेतून एकाच चिपमध्ये तीन थर रचण्याचा मार्ग निघाला, आणि फेब्रुवारी २००२मध्ये 'फोव्हिऑन एक्स-थ्री' जगासमोर आला.

कल्पना ऐकताना आनंद होतो, इतकी ती सरळ आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरावं तसा प्रकाश सिलिकॉनमध्ये मुरतो, आणि प्रत्येक रंग वेगळ्या खोलीपर्यंत. निळा वरच्यावरच शोषला जातो, हिरवा त्याहून खाली, लाल सर्वांत खोल. सगळा खेळ दोन-तीन मायक्रॉनमधला, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटींतला. मग वेगवेगळ्या खोलीवर तीन डायोड ठेवायचे. रंगीत काचा नकोत, शेजाऱ्यांना विचारणं नको, पुसट करणारा पडदा नको. निसर्गानेच रंग वेगळे करून दिलेत, आपण फक्त मोजायचे.

कॅमेरा बनवायला पुढे आली ती सिग्मा. १९६१मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी काढलेली, कुटुंबाच्या मालकीची कंपनी. कारखाना फुकुशिमा प्रांतातल्या आयझूला. २००२च्या शेवटी त्यांचा एसडी९ बाजारात आला आणि त्याने आल्या आल्या दोन तट पाडले. चित्राचे बिंदू होते २२६८ गुणिले १५१२, म्हणजे जेमतेम ३४ लाख. पण तीन थर धरले तर एक कोटी. कंपनी म्हणे १०.३ मेगापिक्सेल, विरोधक म्हणत ३.४. या एका आकड्यावरून पुढची कित्येक वर्षं माणसं भांडली. माझ्या मते दोघंही चूक होते, कारण बायरच्या २४ मेगापिक्सेलमध्येही खरं मोजमाप किती, हे कोणी विचारत नव्हतं. एकाला थरांचा हिशेब लावायचा आणि दुसऱ्याला अंदाजाचा माफ करायचा, हा न्याय नव्हे.

कॅमेरा म्हणून एसडी९ विचित्रच होता. त्यात जेपेग नव्हतंच, फक्त रॉ फाईल. ती सिग्माच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. एकाच बॉडीत दोन जातींच्या बॅटऱ्या घालाव्या लागत. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० ते ४००, त्यापुढे काही नाही. आणि तरीही, ज्यांनी त्याच्या फाईली मोठ्या करून पाहिल्या त्यांना झाडाच्या खोडावरची साल, लोकरीचा धागा, दगडाचा पोत असा दिसला की पुढे त्यांचं दुसऱ्या कशाने समाधान होईना. या पंथाची दीक्षा अशी होते. कोणी जाहिरात पाहून फोव्हिऑनकडे येत नाही. एखादा फोटो शंभर टक्क्यांवर उघडून पाहतो आणि अडकतो.

आता यातली मेख. सिलिकॉन ही गाळणी आहे खरी, पण भोकं मोठी असलेली. निळा 'बहुतेक' वर अडकतो, सगळा नाही. हिरव्या आणि लाल रंगाचाही बराच भाग वरच्याच थरात शोषला जातो. त्यामुळे वरच्या थराला निळा कळतो असं म्हणणं अर्धसत्य आहे. त्याला थोडंथोडं सगळंच कळतं. मधल्या थराचं तेच. शुद्ध रंग हवा असेल तर या तीन आकड्यांची एकमेकांतून वजाबाकी करावी लागते, आणि मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा केला की उरतो तो लहान आकडा, त्यात चुकीचं प्रमाण भरमसाट. उजेड भरपूर असेल तेव्हा हे खपतं. उजेड कमी झाला की वजाबाकीतून रंगांचा गाळ वर येतो. कुठे हिरवट छटा, कुठे जांभळट डाग. म्हणून फोव्हिऑनवाले आयएसओ १०० सोडायला तयार नसतात आणि ट्रायपॉड घेऊन हिंडतात. संध्याकाळी अगदीच गरज पडली तर फोटो कृष्णधवल करून टाकतात, कारण मग वजाबाकीच करावी लागत नाही.

म्हणजे बायर जागेचा अंदाज करतो आणि फोव्हिऑन रंगाचा. एकाने दोन रंग शेजारून उसने घ्यायचे, दुसऱ्याने तिन्ही रंग एकमेकांपासून गणितानेच सोडवायचे. फोव्हिऑनच्या चाहत्यांची आवडती समजूत आहे की आमचा सेन्सर मोजतो, तुमचा कल्पना करतो. सिलिकॉनला ही समजूत मान्य नाही. पण एक फरक खरा उरतोच : फोव्हिऑनची चूक रंगात होते, रेषेत होत नाही. पोत, कडा, धाग्याची वीण जशीच्या तशी राहते. डोळा रंगातली थोडी चूक पोटात घालतो, कडेतली घालत नाही. चाहत्यांना जे दिसतं ते म्हणून खोटं नाही, फक्त त्याचं कारण ते सांगतात त्याहून थोडं वेगळं आहे.

वाट पाहण्याचं शिक्षण या मंडळींना २०१८च्या बरंच आधी मिळालं होतं. २००६च्या फोटोकिनात सिग्माने डीपी१ दाखवला. खिशात मावणारा कॅमेरा, आत मोठ्या एसएलआरमधला सेन्सर. तेव्हा असं दुसरं कोणाकडे नव्हतं. तो दुकानात यायला २००८चा वसंत उजाडला. त्याच वर्षी सिग्माने फोव्हिऑन कंपनीच विकत घेतली, आणि त्याच वर्षी डिक मेरिल वारले.

मग एसडी१. २०१०मध्ये जाहीर झाला : नवा, मोठा सेन्सर, १.५३ कोटी बिंदू गुणिले तीन, म्हणजे ४६ मेगापिक्सेल. चाहत्यांच्या आनंदाला सीमा नव्हती, ती मे २०११मध्ये किंमत कळली तेव्हा सापडली. अमेरिकेत अधिकृत किंमत ९,७०० डॉलर, दुकानात सुमारे ६,९००. सेन्सर बनवणंच इतकं महाग पडत होतं. काही निष्ठावंतांनी तरीही घेतला. आणि फेब्रुवारी २०१२मध्ये तोच कॅमेरा एसडी१ मेरिल या नव्या नावाने सुमारे २,३०० डॉलरला आला. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला कंपनीने त्यांना गुण दिले, त्या गुणांवर सिग्माच्या वस्तू घ्याव्यात म्हणून. एका वर्षाच्या आत किंमत तिसऱ्या हिश्श्यावर! दुसऱ्या कुठल्या कंपनीचे गिऱ्हाईक यातून टिकले असते का, शंका आहे. इथे टिकले. मृत अभियंत्याचं नाव कॅमेऱ्याला दिलं, हेही त्याला कारण असावं. बाजारात इतकी कृतज्ञता क्वचित दिसते.

मेरिल पिढीतले छोटे डीपी कॅमेरे आजही या पंथाचे दैवत आहेत. बॅटरी इतक्या लवकर संपे की कंपनी खोक्यात दोन देत असे. फोटो कार्डावर लिहून व्हायला बराच वेळ लागे. मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र भरवशाचं नाही. घरी येऊन संगणकावर फाईल उघडेपर्यंत काय मिळालं ते कळत नाही. फिल्म वापरलेल्यांना यात काही वावगं वाटत नाही, आणि मला तर वाटतं की या कॅमेऱ्यांच्या लोभामागचं अर्धं कारण तेच आहे.

२०१४च्या क्वाट्रो पिढीने पंथातच फूट पाडली. सिग्माने तिन्ही थर समान ठेवण्याचा हट्ट सोडला. वरच्या थरात दोन कोटी बिंदू आणि खालच्या दोन्ही थरांत त्याच्या पाव पट. तर्क बिनचूक होता : वरच्या थराला सगळेच रंग थोडेथोडे कळतात, तर बारकावे त्याच्याकडून घ्यावेत आणि रंग खालून. खालचे बिंदू मोठे झाल्याने डागही कमी झाले. पण कर्मठ मंडळी भडकली. खालच्या थरांचे बारकावे वरच्यावरून भरायचे, तर मग बायरने काय वाईट केलं होतं? तांत्रिकदृष्ट्या क्वाट्रोवाले बरोबर होते असं माझं मत आहे. मात्र ज्या तत्त्वासाठी गिऱ्हाइकांनी इतका जाच सोसला, त्यालाच कंपनीने हात घातला, ही कर्मठांची तक्रारही खोटी नव्हती.

म्हणूनच २०१८ची घोषणा, आणि त्यानंतर २०१९च्या सुरुवातीला आलेले आकडे, इतके मोलाचे ठरले. ५५२० गुणिले ३६८०, आणि तिन्ही थरांत सारखेच. फुल फ्रेम. कर्मठांचा विजय! त्याच वर्षी जुलैमध्ये सिग्माने एफपी नावाचा एक छोटा फुल फ्रेम कॅमेरा दाखवला; पण त्यात बायर सेन्सर होता. फेब्रुवारी २०२०मध्ये यामाकींनी सांगून टाकलं की फोव्हिऑन या वर्षी येत नाही, आराखडा पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. फेब्रुवारी २०२१मध्ये कळलं की सेन्सर बनवून देणाऱ्या कारखान्याशी असलेला करारही संपला. २०२२मध्ये तीन टप्प्यांचा नकाशा मांडला गेला : आधी संगणकावरची तपासणी, मग खऱ्या आकाराचे पिक्सेल पण छोटी चकती, आणि शेवटी पूर्ण फुल फ्रेम नमुना. काम दुसऱ्या टप्प्यावर होतं. २०२५मध्ये सिग्माचा नवा कॅमेरा आला, बीएफ, एका धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला, देखणा. त्यातही बायर.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कॅमेरा कंपन्या अपयश सहसा सांगत नाहीत. प्रकल्प गपचूप मिटतो, विचारलं तर 'भविष्यातील उत्पादनांबद्दल आम्ही बोलत नाही' हे छापील उत्तर मिळतं. इथे कंपनीचा मालक वर्षानुवर्षं समोर येऊन सांगतो की जमलेलं नाही, क्षमस्व, पण सोडलेलं नाही. हे धंद्याचं गणित नव्हे. एवढ्या कमी गिऱ्हाइकांसाठी नवा सेन्सर घडवणं सोनीसारख्या महाकाय कंपनीला परवडणार नाही म्हणून ती करत नाही. सिग्माला परवडत असेल असं मानायला जागा नाही. घरची कंपनी आहे, भागधारकांना उत्तर द्यायचं नाही, म्हणून हा हट्ट चालतो एवढंच.

दरम्यान जग थांबलं नाही. बिंदू वाढले, ६० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर शेजारी इतके जवळ आले की त्यांना विचारून काढलेला अंदाज क्वचित चुकू लागला. पुसट करणारा पडदा अनेकांनी काढूनच टाकला. पेंटॅक्सने २०१५मध्ये के-३ मार्क दोनमध्ये वेगळीच युक्ती केली : सेन्सर एकेक पिक्सेल सरकवत चार फोटो काढायचे, म्हणजे प्रत्येक जागी तिन्ही रंग खरोखर मोजले जातात. विषय हलला नाही तर निकाल थरांच्या तोडीस तोड येतो. फोव्हिऑनवालेही ट्रायपॉडशिवाय हलत नाहीत, तेव्हा 'विषय हलतो' ही तक्रार त्यांच्या तोंडी तरी शोभत नाही. सिग्माच्याच एफपी एल मॉडेलमध्ये ६१ मेगापिक्सेलचा बायर सेन्सर २०२१पासून आहे. तीन थरांचा दोन कोटी बिंदूंचा कॅमेरा उद्या आला, तरी त्याला आधी घरच्याच भावाशी सामना करावा लागेल.

चाहत्यांना हे सगळं माहीत आहे. या लोकांइतकी आपल्या लाडक्या यंत्राच्या उणिवांची बारीक यादी दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकांजवळ नसेल. तरी ते थांबलेत, कारण सगळ्या कंपन्यांचे सेन्सर एकाच तऱ्हेने रंग पाहतात तेव्हा फोटोही एकाच तऱ्हेचे दिसू लागतात, असं त्यांना वाटतं. यात तथ्य आहे. फिल्मच्या काळी रोल बदलला की रंगाचा स्वभाव बदलायचा. आता स्वभाव सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा असतो आणि तो उद्याच्या अपडेटला बदलूही शकतो. जुने मेरिल म्हणूनच सांभाळून वापरले जातात, बॅटऱ्या साठवून ठेवल्या जातात.

नवा आलाच, तर तो महाग असेल, हळू असेल, आणि आयएसओ ४००च्या वर बहुधा रुसेल. मला तो हातात घेऊन बघायला आवडेल. पण पहिल्या वर्षी विकत घेणार नाही. ते धाडस करू पाहणाऱ्यांनी २०११च्या जूनमध्ये एसडी१ घेतलेल्या एखाद्याशी आधी बोलून घ्यावं.